मापात पाप

लोफोटेनच्या बेटावर, मासळीच्या धक्क्यापाशी
बावीस हिवाळे मी कॉड तोलला.
मी आर्नफिन. हात कायम स्वच्छ,
मिठानं आणि साबणानं रोज धुतलेले.
दहा किलोचं वजन मात्र तळातून पोखरलेलं,
आत शिसं, वरून काळा रंग.
साडेतीनशे ग्रॅमचं पाप,
मुठीत मावेल एवढं.

काटा खोटं बोलत नाही म्हणतात.
नव्हताच बोलत तो.
त्याच्यासमोर जे ठेवलं होतं
तेवढंच सांगायचा बिचारा.

रविवारी चर्चच्या बाकावर
सगळ्यांच्या सुरात मी म्हणायचो, "मी पापी आहे."
किती सोपं असतं ते, सगळ्यांच्या सुरात.
ग्रॅम सांगावे लागत नाहीत.
मग पाळक हात उंचावून 'कृपा' म्हणायचे
आणि मला वाटायचं, हा बर्फासारखा शब्द आहे,
सगळ्यांच्याच छपरांवर पडतो,
उन्हाळ्यात कुणाला आठवतही नाही.

गुडघे गेले, नोकरी सुटली, बायको गेली.
सूर्य न उगवणाऱ्या महिन्यात एका रात्री
मी हिशेबाची वही काढून बसलो.
दहा किलोमागे साडेतीनशे,
दिवसाला इतक्या पेट्या, हंगामाचे इतके दिवस,
पेन्सिल नीट चालली होती
ती तोरलेफच्या नावाशी अडली.
मार्चमधल्या त्या दुपारी मीच म्हणालो होतो,
"आज दोन पेट्या कमी भरल्या तुझ्या."
तो पुन्हा गेला बाहेर.
होडी तिसऱ्या दिवशी सापडली.

ह्याची बेरीज कुठल्या रकान्यात मांडायची?

पैशांचं पाकीट घेऊन ओलाउगकडे निघालो.
दुसऱ्या हातात ते वजन. पुरावा नको का?
वाटेवरच्या बर्फात पावलोपावली तोल जात होता,
जन्मभर दुसऱ्यांचं तोललेल्या माणसाचा.

सगळं सांगितलं. ग्रॅमसकट.
ती कॉफी ओतत राहिली.
मग म्हणाली,
"त्याला माहीत होतं.
तू पावती आणायला आत गेलास
तेव्हा त्यानं उचलून पाहिलं होतं एकदा.
घरी येऊन म्हणाला,
आर्नफिनचं पोर आजारी आहे, असू दे."

असू दे.

योहान तेव्हा चार वर्षांचा होता.
पोरगं बरं झालं, शिसं तसंच राहिलं.
आणि त्यानंतर अकरा हिवाळे
हा माणूस माझ्या तराजूपाशी येऊन
हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहिला!

मला राग आला, खरं सांगतो.
मी फेडायला आलो होतो,
आणि देणेकऱ्यानंच वही फाडलेली, मला न सांगता.
मी चोरत होतो तेव्हा तो देत होता.
एकच पारडं, एकच मासा.

पश्चात्ताप. पश्चात्, म्हणजे नंतर.
त्याच्या नावातच उशीर आहे.
कृपा मात्र केव्हाची येऊन
रांगेत उभी होती, भिजलेल्या हातमोज्यांत,
तिचा नंबर येईपर्यंत.

"आणि तू?" मी विचारलं.
ओलाउग खिडकीबाहेर पाहत होती, वाळत टाकलेल्या कॉडकडे.
"त्यानं दिली ती त्याची माफी. एकदाच दिली आणि सुटला.
मला रोज द्यावी लागते.
काही सकाळी नाही जमत.
आजचं अजून ठरलेलं नाही. कॉफी पी, गार होतेय."

पाकीट तिनं घेतलं नाही, परतही केलं नाही.
साखरेच्या डब्याला टेकून ते तसंच राहिलं.
वजन मात्र मागून घेतलं.
म्हणाली, सरपणाच्या खोपटाचं दार
वाऱ्यानं सारखं आपटतं.

आता दर गुरुवारी मी लाकडं फोडायला जातो.
हे हिशेबात धरायचं नाही, असं तिनं बजावलंय.
समुद्रावरून वारा सुटतो, सगळं बेट कण्हतं,
खोपटाचं दार उघडंच असतं.
साडेतीनशे ग्रॅम जास्तीचं आहे ते वजन.
हलत नाही.