झाडामागून पाहिलेला सामना

आजोबांनी पहिला रग्बीचा सामना
झाडामागून पाहिला.
लिमरिक, एकोणीसशे चौसष्ट, फेब्रुवारी.
झाड ॲशचं होतं, हे ते आवर्जून सांगतात.
हर्लिंगची काठी ज्या लाकडाची होते, तेच.
"म्हणजे साक्षीदार आपल्यातलाच होता."

तेव्हा नियमच होता :
जो परक्यांचे खेळ खेळेल
किंवा नुसता बघत उभा राहील,
त्याने आपल्या मैदानावर पाऊल ठेवायचं नाही.
परके म्हणजे कोण, ते बोलायची गरज नव्हती.
पाळतीला माणसं नेमलेली,
कॉलर वर करून, खिशात वही घेऊन यायची
(सामना तीही बघायचीच की,
पण त्याला कर्तव्य म्हणायची).

सोमवारी वहीत नाव : मालाकी हॅनरॅहन.
सहा महिने वाळीत.
त्याच सहा महिन्यांत काउंटीचा संघ निवडला गेला.
काठी जिन्याखाली गेली,
अजून तिथेच आहे, केरसुणीच्या शेजारी.

बेकनच्या कारखान्यात त्यांच्या बाजूला
डुकरं सोलणारा टॉसी क्विलिगन
रविवारी स्क्रममध्ये
डॉक्टरच्या कानाला कान घासून रेटा द्यायचा.
"हा कसला इंग्रज?" आजोबा विचारतात,
साठ वर्षं झाली, अजून विचारतात,
"त्याच्या घरात चमचे सात, माणसं अकरा."

आता मी खेळते. सहा नंबर, हिरवी जर्सी.
लाइनआउटमध्ये लिनेटला वर उचलते.
लिनेट मॅकिल्व्हीन, अँट्रिमच्या डोंगराकडची;
तिचे आजोबा पोलिसात होते,
रोज सकाळी काठीला आरसा बांधून
गाडीच्या पोटाखाली बघायचे,
मग नातवंडांना आत बसवायचे.
हे तिने मला एकदाच सांगितलं,
बूट घासता घासता, ब्रश न थांबवता.

डब्लिनला सामना असला की गाणी दोन.
पहिलं सुरू झालं की लिनेट ओठ मिटते
आणि माझ्या पाठीवरची जर्सी
मुठीत आणखी घट्ट धरते.
मी गाते. तिची मूठ मला कळते.
यावर आम्ही कधी बोललो नाही.
बोललो असतो तर कदाचित
तिला वर फेकताना माझा हात विचार करत बसला असता.

बेलफास्टला गाणं एकच.
सगळ्यांना चालावं म्हणून बेतलेलं,
कमिटीने उकडलेल्या कोबीसारखं :
चव नाही, पण बाधतही नाही कुणाला.

तिथे आजोबा आले. ब्याऐंशी वर्षांचे,
मांडीवर सँडविचचा डबा.
वाटेत एका गल्लीत पदपथाच्या कडा
लाल, पांढऱ्या, निळ्या रंगवलेल्या;
त्यांनी डबा उगाचच एकदा उघडून मिटला.
घरच्यांची तिकिटं एका रांगेत होती.
मैदानातून मला दिसलं :
दोन टोप्या, मधे एक खुर्ची रिकामी.
मध्यंतरानंतर पाहिलं, तर खुर्चीवर डबा,
उघडा.

आम्ही हरलो. एकोणीस गुणांनी.
चेंडूच तसला, गोल असता तर कुणी भरवसा ठेवला असता;
शेवटचा टप्पा वेल्सच्या हातात गेला.

परतीला मी गाडी चालवत होते.
न्यूरी गेलं, सीमा गेली,
ती कुठे गेली हे रस्त्याच्या कडेच्या
बदललेल्या रेघेवरूनच कळलं.
डंडॉकच्या पुढे ते बोलले :
"त्या गृहस्थाने विचारलं,
पंचाने शिट्टी कशाला वाजवली?
म्हटलं, देवाशपथ, मला माहीत नाही.
तो म्हणाला, मलाही नाही, चाळीस वर्षं येतोय."

बराच वेळ वायपर.

"आणि ती पोर, डब्लिनला आपलं गाणं म्हणत नाही म्हणे?"
"नाही म्हणत."
मी गिअर बदलला. वाट बघितली.
"मलाही सबंध कुठे येतं," आजोबा म्हणाले,
"मधल्या दोन ओळींना नुसते ओठ हलवतो.
शाळेपासून.
हे तुझ्या आजीलासुद्धा माहीत नव्हतं."