आठवं कालव

सहाशे वर्षं पाण्याखाली,
आणि मग न्हावाशेव्याला अकरा दिवस कस्टममध्ये.
पेट्या बेलापूरला उतरल्या तेव्हा
कागदावर लिहिलं होतं:
मातीची भांडी, जुनी, वापरलेली.

वापरलेली नव्हती खरं तर.
एकाही वाडग्यात कुणी कधी जेवलं नव्हतं.
कुठल्याशा भट्टीतून निघाले,
गवतात गुंडाळून विसाविसाच्या चळतींत बसले
आणि जावाच्या अलीकडे
तारवासकट खाली गेले.

माझं काम मराठी पाट्यांचं.
पाटीला चाळीस शब्द, त्यातच शतक.
शेवाळी झिलई. नाळेचा तुकडा, साग.
सुपारीचा अडकित्ता (असावा).
अडले ती 'शिपरेक'पाशी.
जहाजभंग लिहावं, तर वाटतं
जहाजानं उपास मोडला.
भग्न नौका कॉलेजातल्या वहीत असते.
बुडीत म्हटलं की सहकारी बँक आठवते.

तिसऱ्या दालनात धर्मीबाय वैती काचा पुसते.
दिवाळ्याची.
पहाटे ओहोटी असली की अर्धा तास उशिरा येते
आणि मग सुपरवायझर
तिच्याशी लांबूनच बोलतो.

पाचव्या काचेपाशी तिचं फडकं थांबलं.
आत एक वाडगा,
काठाला पांढरी, कडक खरपुडी,
जिला मी 'सागरी चुनखडी निक्षेप' म्हटलं होतं.
"कालवां हायेत ती," धर्मीबाय म्हणाली.
"वरचा शिंपला गेलाय, खालचा धरून हाय.
कोयतीचा एक टोला. भांड्याला चरा नाय पराचा."

मी सांगितलं, बाकीच्या वाडग्यांवरची काढायला
दोन तज्ज्ञ बायका चार महिने बसल्या होत्या,
दातांच्या डॉक्टरकडच्या सुया घेऊन.
हा एक मुद्दाम तसाच ठेवलाय.

ती बराच वेळ बघत राहिली.
"चार महिनं," ती म्हणाली. "आन पगार?"

जेवणाच्या सुट्टीत विचारलं,
होडी बुडते तेव्हा तुमच्यात काय म्हणतात?
तिनं भाकरी मोडली, सुकट पुढे सरकवली.
"बुरली, असा घरान बोलत नाय.
राहिली, बोलताव. दर्याला राहिली.
माजा मोठा दीर राहिलाय, बारा वरसां झाली.
रेशनवाला बोलला, नाव काराचा तं दाखला आना.
मी बोलले, राहिलेल्याचा दाखला कसला?"
मग पाण्याची बाटली उघडत,
"अजून येते त्याची साखर."

त्या संध्याकाळी मी पाटी लिहिली:
दर्याला राहिलेलं तारू.
उपासनी मॅडमनी लाल पेनानं गोल केला, समासात 'बोली?'
छापून आलं ते 'बुडालेल्या जहाजातील वस्तू'.
त्यातही चूक काही नव्हती.
वाशीच्या शाळेतली मुलं रांगेनं आली,
ते वाक्य वहीत उतरवून
रांगेनं गेली.

दोन महिन्यांनी वस्तू परत जायच्या होत्या.
जाताना प्रत्येकीचं एक पान भरायचं:
तडा कुठे, टवका कुठे, डाग किती मिलिमीटर.
वाडगा क्रमांक एकतीस.
काठावर निक्षेप, ठसे सात,
असं आलेल्या पानावर होतं.
मी भिंग लावून मोजले. सात.

धर्मीबाय मागून, हात पदराआड धरून
(हात लावायची मनाई आहे),
"आठ."

कुठे?

"यो काय. बारका. भाताच्या दान्यायवरा.
हा आत्ताच बसलेला,
नि वर कारला तुमी."

दिवा खाली ओढला.
होता.
झिलईवर नखाएवढंही नाही असं एक वर्तुळ,
एका कडेनं जाड व्हायला लागलेलं.

सातवर काट मारून आठ केलं.
शेजारी सही माझी, तारीख माझी.
पेटीत गवताऐवजी आता फोम असतो,
वाडग्याच्या मापाचा कापलेला,
त्यात तो बसला.

न्हावाशेव्याला विचारतील,
आले तेव्हा सात,
हे आठवं कुठून आणलंत?