निदानपरिवर्जन

मार्केट यार्डातून तो थेट येतो,
सौदे उरकल्यावर, दुपारी दोनच्या सुमाराला,
आणि दारातच थबकतो
आपल्याच पावलांचे पिवळे ठसे फरशीवर बघून.
"या," म्हणते मी, "फरशी पुसता येते."

बिराप्पा शेंडगे. वय त्याच्या अंदाजानं पन्नास.
खोकला माघ लागल्यापासून, म्हणजे
हळदीची आवक वाढल्यापासून.
मी मनगट मागते. तीन बोटं टेकवते.
कातडीच्या रेघारेघांत हळद,
नखांत हळद, भुवयांत हळद.
नवरदेवाला तरी एवढी कोण लावतं?
हा मात्र दर साली चार महिने असाच,
आणि वरात काही निघत नाही.

"आमचा बा हरिपुरात पेवावर हुता,"
मी न विचारताच सांगतो, बोटं नाडीवर असताना.
"पेव उघडलं की आधी आत कंदील सोडायचा.
इझला, तर मानूस उतरायचा न्हाई.
जळत ऱ्हायला, तरच."

मी गप्प.
इतकी वर्षं पोरापोरींना नाडी शिकवताना
सापाची चाल सांगितली, बेडकाची उडी, हंसाचा डौल.
कंदील कधी सुचला नाही.

सोडते मग हळूहळू खाली.
ज्योत आहे. काजळी धरतेय,
पण आहे.

विचारते: भूक? तहान? पोट साफ होतं?
रात्री पांघरूण ओढता की ढकलता?
स्वप्नं पडतात?
"सपान?" तो दचकतो. "मोठ्या दवाखान्यात
फोटू काढा म्हनले नुसतं."
तोही काढायचाच, मिरजेला, उद्याच.
छातीतलं सगळं मला बोटांनी कळतं
असा माझा दावा नाही.
तो मान हलवतो. बऱ्याच वेळानं म्हणतो,
"सपनात पोतं असतंय. पाठीवर न्हाई, म्होरं.
माझ्याकडं बघत हुबं."

अडुळसा लिहिते. ज्येष्ठमध. सितोपलादी, मधातून.
मध आम्हा जैनांच्या स्वयंपाकघरात येत नाही,
आई असती तर चिठ्ठीवरही येऊ दिला नसता.
दही बंद. पाणी कोमट. जेवण दिवस मावळायच्या आत.
हे मात्र तिला आवडलं असतं.

मग ते, जे सगळ्यांत आधी लिहायचं असतं:
ज्यानं झालं, ते सोडा.
कॉलेजात पहिल्याच वर्षी पाठ केलेलं,
बर्फाचा गोळा सोडा म्हणावं इतक्या सहज.

पेन कागदाला टेकलेलं.
रस्त्यावर ट्रक मागं घेताना क्लीनर ओरडतोय,
येऊ द्या, येऊ द्या.
माझ्या मागच्या फळीवर बरणी.
घशाला, जखमेला, दुधातून, मी तीच तर देते.
ती सोनेरी चिमूट इथवर येताना
कुणाच्या तरी श्वासातून गाळून आलेली.

"येवढं सोडून काय बी सांगा, बाई,"
तो म्हणतो. माझ्या हाताकडं बघूनच ओळखलं त्यानं.

खोडते. लिहिते:
ओला पंचा, दुपदरी, नाकातोंडावर.
कामाआधी नाकपुड्यांत तिळाचं तेल, बोटानं.
तासातासाला चूळ.

आणि दुसरा कागद घेते, त्याच पॅडवरचा.
रुग्ण: गाळा नंबर एकोणचाळीस.
लक्षण: वारा कोंडलेला, धूळ आतच फिरते.
औषध: मोठा पंखा, बाहेर तोंड करून.
मात्रा: शटर उघडल्यापासून पडेपर्यंत.
खाली सही, नोंदणी क्रमांक, शिक्का.

"ही दुसरी कुनाची?"
"तुमच्या दुखण्याची," मी म्हणते. "शेठना द्या."
तो एक टोपीत खोचतो, एक खिशात.
कुठली कुठं, ते मला कळत नाही.

पुढच्या मंगळवारी आला. फोटो आणला होता,
उजेडाला धरला दोघांनी.
खोकला थोडा उतरलेला. पंखा नव्हता लागला.
पण शेठनं चिठ्ठी फाडली नाही, म्हणाला,
काट्याशेजारी ठेवलीय, वजनाखाली,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"वारा?" मी विचारलं.
आणि मग दोघंही हसलो,
तो खोकेपर्यंत.