बोट जाईना एवढी जागा

म्हापशाला सिप्रियानच्या दुकानात
सायकल उलटी टांगलेली असते,
आणि तो चाक फिरवून कान देतो.
बघत नाही, ऐकतो.
मग टायर आणि फ्रेमच्या मधे करंगळी सारतो.
ती अडते.
"बोट लेगीत वचना, सर."

जिनोव्हात कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी
ही शर्यतीसाठी जोडली.
शर्यतीत मागच्याचा विचार करायचा नसतो.

मी शर्यतीत नाही.
मी रोज डिचोलीहून मयेच्या शाळेत,
आठ वाजता सातवीची भूमिती,
आणि पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत
लाल रेघ, पट्टीने आखल्यासारखी.
आमच्याकडचा चिखल साधा नाही, त्यात लोखंड आहे.
पाच धुण्यांनंतरही सदरा खाणीच्याच नावावर राहतो.
फळ्याकडे वळलो की वर्ग हसतो.
हसू दे.

हरकत घेतली दत्तेश गावसने.
वारा अडावा म्हणून तो माझ्या मागोमाग सायकल हाणतो.
"सर, तुमचा चिखल माझ्या दप्तरात जातो."
पुराव्याला वही:
वर्तुळाच्या केंद्रावर लाल ठिपका,
कंपासने ठेवला असता तर एवढा नेमका बसला नसता.

सिप्रियानने माळ्यावरून तीन जोड काढले.
काळं प्लास्टिक, दोन पावसाळ्यांच्या बोलीवर.
ॲल्युमिनियमचं, ठोक्याठोक्यांचं, घंगाळासारखं देखणं;
किंमत ऐकून मी ते स्वतःच कागदात गुंडाळलं.
तिसरं दुधवाल्याच्या सायकलीचं, पोलादी.
ते लावलं तर लोक विचारतील,
मडगार्डला ही सायकल कुणी जोडली?

मग त्याने फोर्काच्या आत बॅटरी मारली
आणि गप्प झाला.
रंगावर घासल्याच्या दोन चंद्रकोरी.
"आशिल्लें," तो म्हणाला.
कधीतरी होतं.

शनिवारी हळदोण्याला गेलो,
एस्पेरान्सबाईंकडे. सायकल त्यांच्याकडूनच घेतलेली.
त्यांचा बार्तू तारवटी. दर सुट्टीला
घड्याळं, साबण, एकदा ही.
मडगार्ड?
त्यांनी वर बोट केलं.
रांधपाच्या खिडकीवर, कौलांच्या कडेखाली
मागचं मडगार्ड, उताणं, तिरकं, तारेने बांधलेलं,
छपराचं पाणी झेलून
मिरवेलीच्या मुळाशी नेऊन सोडत होतं.
पुढच्यात कोंबड्या पाणी पीत होत्या.
"व्हरात, सर. ताणेंच बांदलें, निमाण्या सुट्येक."

टेप मी आधीच उघडला होता.
रुंदी पस्तीस. कमान तीच.
आणि एक सर आली, पाच मिनिटांची,
पाणी त्या पत्र्यातून असं वळत गेलं
जणू वर चाक अजून आहे
आणि कुणी पायडल मारणं थांबवलेलं नाही.
टेप माझ्या हातातून आत गेला. खट्.
चहा झाला. मिऱ्यांची पुडी घेऊन परतलो.

तर, प्लास्टिक.
सिप्रियानने कडा कानशीने घासल्या,
ब्रेकपाशी कापून दोन तुकडे केले, टायर बारीक घातला.
करंगळी अजून जात नाही. पोस्टकार्ड जातं.
मयेच्या उतारावर ते खडखडतं,
तळ्यावरचे बगळे माना वळवतात.
मागच्या टोकाला रबराची जीभ आहे,
जमिनीपासून चार बोटं वर.
माझ्या सदऱ्याला तिचा काही उपयोग नाही;
ती मागून येणाऱ्यासाठी.

दत्तेश चार दिवस मागे राहिला.
पाचव्या दिवशी घंटीही न वाजवता पुढे गेला.
त्याच्या चाकावर काहीच नाही, नुसतं चाक.
चष्म्याच्या उजव्या काचेवर लाल ठिपका.
हाक मारणार होतो,
पण उतार होता,
आणि तो उभा राहून पायडल मारत होता.