साठ खुर्च्या

खुर्च्या मीच मांडल्या. साठ.
भाड्याच्या, पांढऱ्या, एकीचा पाय अधू.
आली गावात, कुंभारांच्या भट्ट्यांमागे,
जिथे टेकाडांच्या पोटात चार हजार वर्षांची माणसं
गुडघे छातीशी घेऊन एका कुशीवर निजलीत.

फलकावर अरबीत मोठ्ठं: गावकऱ्यांनो, हा वारसा तुमचा.
त्याची दोरी मी ताणली, गाठ मारली,
आमच्या बाणकोटच्या खाडीवरची,
ओढली की घट्ट, झटकली की मोकळी.

मुनीरा मॅडमनी मांडल्या टेबलावर वस्तू:
खापरं, शिंपले, तांब्याचा गळ,
आणि मुठीएवढा एक धोंडा, कमरेला खाच.
चिठ्ठीवर: धार्मिक वस्तू, पुढे प्रश्नचिन्ह.

तो मंगळवारी माझ्याच ब्रशाखाली उघडा पडला,
एकाच्या गुडघ्याशी.
बघताक्षणी ओळखला होता.
कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही.
एकोणीस वर्षं माती झाडायचा पगार आहे,
बोलायचा नाही.

“सांगा,” मॅडम म्हणाल्या, “तुम्हाला काय दिसतं?”
कुणी खोकलं. पोरं मोबाइलमध्ये.
मग हज्जी मक्की उठला, हाताला ओली माती तशीच.
“माझ्या आजोबानं टेकाडात भट्टी कोरली,
तेव्हा दंड झाला. म्हणे, वारसा सरकारचा.
आता आमचा कधीपासून?”
मॅडमनी उत्तर दिलं नाही.
वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.
मला ते आवडलं.

उम्म अब्दुर्रसूल कुणाला न विचारता पुढे आली.
धोंडा उचलला, तळव्यावर झेलला,
भाजीवाल्यासमोर कांदा झेलावा तसा.
“कसला धर्म? जाळ्याचा आहे हा.
बाप माझा तुबलीच्या पाण्यात असेच सोडायचा.
आता तिथे पाणी नाही,
माझ्या भाच्याचा फ्लॅट आहे. तिसरा मजला.”

खाचेत दोरी कशी बसते ते दाखवायचं होतं तिला.
बोटं वाकलेली, दोरी कुठेच नाही.
मी फलकाची सोडली.
वारसा एका बाजूने लोंबायला लागला.
माझी गाठ मारून दिली खाचेत, नीट, खाडीवरची.
तिने बघितली, झटकली, सुटली.
“उलटी. समुद्र डावीकडून ओढतो.”
तुमचा ओढत असेल, म्हणालो मी, मराठीत.
ती हसली. काय कळलं तिला, अल्ला जाणे.

मॅडमनी चिठ्ठी खोडली, नवी लिहिली.
खाली माहिती देणाऱ्यांची नावं.
तिचं झाल्यावर पेन माझ्याकडे वळलं.
शमसुद्दीन होडेकर.
“गाव?”
मी सांगितलं. स्पेलिंग दोनदा सांगितलं.
रकान्यात आधीच छापलेलं होतं: आली.
त्या क्षणभर थांबल्या, मग कडेला, समासात,
बारीक अक्षरात बाणकोट लिहिलं,
आलीवर काट मारली नाही.

उन्हं कलली. लोक पांगले.
ट्रकवाला हॉर्न मारतोय, मी मोजतोय.
एकोणसाठ.
साठाव्या खुर्चीत ती अजून बसलेली,
धोंडा मांडीत, डोळे मिटून,
अंगठ्याने खाच चाचपत.
पाय अधू असलेलीच खुर्ची.
ट्रकवाल्याला म्हटलं, एक राहू दे,
तिचं भाडं माझ्या नावावर लाव.