नको म्हणायचा नमुना

निपाणीच्या खजिना कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
माझं टेबल. तीन पाय लाकडाचे, चौथी वीट.
दोन्ही भाषांत लिहितो, वीस रुपये पान.
नोव्हेंबर आला की मनगट भरून येतं:
हयातीचे दाखले.
मी, खाली सही करणारा, अजून जिवंत आहे.
कानडीतही जीवंतच म्हणतात,
फरक वेलांटीचा.
तेवढ्या वेलांटीवर आमच्याकडे
माणसांची आयुष्यं गेली.

कडोलकर साहेब दरसाल दुसऱ्या सोमवारी येतात.
एकदाच निवडून आलेले, साडेतीन वर्षं,
मग सरकार पडलं आणि सभागृह बरखास्त झालं.
त्यांची पोस्टरं मी चिकटवली होती,
मैद्याची खळ आईनं शिजवलेली.
‘हे राज्य आमचं नव्हे’, असं म्हणाले की
टाळ्या तंबाखूच्या वखारीपर्यंत जायच्या.
आता त्याच राज्याचे पैसे
महिन्याच्या महिन्याला त्यांच्या पासबुकात पडतात.
पडताना आवाज होत नाही.

यंदा खुर्ची ओढून बसले,
टोपी काढून मांडीवर ठेवली.
‘आण्णू, दाखला ऱ्हाऊ दे. पेन्शन बंद करा म्हणून लिही.
नातवानं विचारलं काल,
आजोबा, साडेतीन वर्षांचा पगार किती वर्षं देतात?
मला गणितच आलं नाही बघ.’

मी ट्रंक उपसली.
वाढवून द्या, आहे.
थकबाकी द्या, आहे.
मेल्यावर बायकोला द्या, आहे, तीन प्रतींत.
नको म्हणायचा नमुनाच नव्हता.
आत जाऊन बसवराजला विचारलं.
तो हसला असता तर बरं वाटलं असतं.
पंख्याकडं बघत बराच वेळ गप्प राहिला,
मग म्हणाला, असं कुणी आजवर मागितलंच नाही.
नाळे बर्री. उद्या या.

तोवर कोऱ्या कागदावर मी मसुदा उतरवला.
बाजूला तानुबाई उभी होती.
चाळीस वर्षं विड्या वळून
तिच्या अंगठ्याच्या रेषा पानांना लागून गेल्यात.
यंत्र म्हणतं, ही ती बाई नव्हे.
तीन महिने तिचे हजार-बाराशे अडकलेत.
‘मग हितं उभी कोण?’ असं ती यंत्राला विचारून आली होती.
यंत्र लाल झालं, एवढंच.

साहेबांनी ऐकलं. चष्मा पुसला.
‘माझ्यातलं हिला वळवता येतं का रे?’
तसा रकाना नाही, म्हटलं.
त्यांनी मसुदा वाचला,
एक ऱ्हस्व दीर्घ केला (मास्तर होते ना पूर्वी),
‘स्वेच्छेने’वर बोट ठेवून थांबले.
‘हिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय बेळगावला, जानेवारीत.
फेब्रुवारीत बघू.’
मग नेहमीचा दाखला मागितला.
सही झोकदार, अजून पोस्टरवरच्यासारखी.
आत कुणी वर मान न करता शिक्का मारला.
पन्नासची नोट दिली, राहू दे म्हणाले.
मी तीस परत केले.
का केले, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मसुदा टेबलावरच राहिला होता.
पाठ कोरी. कागद काही फुकट येत नाही.
तिथंच तानुबाईची अर्जी कच्ची उतरवली, कानडीत.
उन्हात धरली तर पलीकडचं ‘मला नको’
तिच्या ‘मला द्या’मधून उलटं दिसत होतं.
जीवंतची वेलांटी मी दीर्घच काढली.

तिला म्हटलं, पक्क्या कागदावर अंगठा लागेल,
तर तिनं इथंच, शाईच्या उशीवर दाबून,
ओळीच्या शेवटी ठेवला.
निळा गोळा. आत काही नाही.
वाकून बघत राहिली.
‘उमटलाय का रे बाबा?
बघ की नीट.’