अर्धा आटा

जगनाडे चौकातलं शकूरभाईंचं शटर
दिवाळीपासून खाली आहे.
ते गेले लेकीकडे, अकोल्याला,
जॅक, कॉम्प्रेसर, बाकडंसुद्धा विकून.
जाताना मला चोवीसचा पाना दिला.
म्हणाले, आता चेन तुमची तुम्हीच ऐका.

ऐकतोय.
मानेवाड्याच्या सिमेंट रोडवर
दर सांध्याला ती कव्हरवर आपटते.
खट.
मग जरा वेळ काहीच नाही, वाटतं
आपलाच भास असेल.
खट.

मे महिन्यातला रविवार, सकाळचे सात.
पार्किंगच्या फरशीला आत्ता पाठ टेकवता येते,
नऊनंतर नाही.
गाडी मेन स्टँडवर, खाली कालचा पेपर,
रॉकेल मिळेना म्हणून वाटीत डिझेल
आणि पोरीचा जुना टूथब्रश.
त्याच्या दांड्यावर अजून जिराफ आहे.
कडी कडी घासली. सहा उन्हाळ्यांची
काळी साय सुटून
जिराफाच्या मानेवरून मनगटावर आली.

चाक हाताने फिरवत गेलो.
एका जागी चेन लोंबते,
पुढच्या पाच-सहा कड्यांवर ताठ होते,
पुन्हा लोंबते.
सगळी सारखी झिजत नाही ती.
जिथे सगळ्यात ताठ, तिथेच मोजायची,
असं शकूरभाई सांगायचे,
बशीत फुंकर घालता घालता.

एक्सलचा नट हलेना.
पान्यावर उभा राहिलो, तेव्हा कुठे
कुरकुरला.
डावीकडे दोन आटे, उजवीकडे दोन आटे.
स्विंग आर्मवरच्या रेघा मोजल्या:
डावीकडे चौथी,
उजवीकडे चौथी आणि जरा.
हे जरा फार छळतं.

"रिकाम्या गाडीची चेन मोजून राहिला का?"

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बारापात्रे.
अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चौतीस वर्षं फिटर,
तळमजला, फ्लॅट नंबर दोन.
टाकीच्या पाण्यावरून
चौदा महिने आमचं बोलणं बंद.
पहिल्यांदा ते गप्प झाले की मी,
हे आता कुणालाच सांगता यायचं नाही.

मी म्हटलं, मग?

"मग काय! माणूस बसला का चाक वर सरकते,
चेन ताणते. तू आता मस्त घट्ट करशील,
अन् मागं कोणी बसलं का बेअरिंग खाऊन जाईल."

कोणी, म्हणाले.
नाव घेतलं नाही.

आत गेले. बनियनच्या चिंधीत गुंडाळलेला
व्हर्निअर घेऊन आले.
माझ्या जराला त्यांच्याकडे आकडा होता:
सव्वा मिलिमीटर.
उजव्या बाजूने तेवढं सोडवून घेतलं,
मग गाडी स्टँडवरून उतरवली,
पट्ट्यापट्ट्यांची चड्डी सावरत सीटवर बसले,
दोन्ही हात हँडलवर,
जसं कामठीला निघायचंय.

शॉकअप्सर चीं करून खाली गेले.
मी फरशीवर आडवा होऊन
चेनला खालून बोट लावलं.
मघाशी तीन बोटं हलत होती,
त्यांच्या वजनाने दोन गेली.

"किती?"
"बोटभर."
"अर्धा आटा ढील दे. दोन्हीकडून. सारखा.
चेन म्हंजे काही तार नाही वाळत घालाची."

दिला.
खालून दिसत होती त्यांची टाच,
भेगा पडलेली, गिअरवर हलकीच टेकलेली.
किती वर्षांनी कुणी
या गाडीवर बसून माझी वाट पाहत होतं.

तेवढ्यात वर टाकी भरली.
ओव्हरफ्लोच्या पाइपातून धार पडली
थेट पेपरवर, डिझेलच्या वाटीत,
जिराफावर.
चौदा महिन्यांपूर्वी भांडण झालं ते याच धारेवरून.

आम्ही दोघांनी वर पाहिलं.
ते उतरले नाहीत.
म्हणाले, "नट आवळ आधी."